बत्तीस ठिपक्यांचा पेलिकन

"ओळखू आलं नाही, तर दोष चित्राचा. डोळ्याला बोल लावायचा नाही. कळलं का रे, नेव्हिल?"

डल्सी पास्को जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण तिचा हा आवाज नेव्हिल ट्रेविनच्या कानातून काही गेला नव्हता. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय. त्यामुळे शब्द ओठांच्या कडेने, शिवणीतून निसटल्यासारखे, एकेक करून बाहेर यायचे. वॉलरू गावात, बंदराच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं लोकरीचं दुकान होतं. पुढे गावातल्या बायका बटणं निवडत बसायच्या आणि मागच्या खोलीत, लोकरीच्या खोक्यांच्या आडोशाला, डल्सी आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके भरत बसायची. स्वेटरवर हरीण विणायचं तर आधी चौकटीच्या कागदावर घरं भरावी लागतात. पडदा म्हणजे तिच्या लेखी तसलाच कागद, फक्त मागून दिवा लावलेला.

नेव्हिल तिथे आईसाठी करड्या लोकरीचे दोन गुंडे घ्यायला गेला होता. जहाजात गहू भरणाऱ्या पट्ट्यांवर काम करणारा तिशीतला गडी, नखांत ग्रीस. ते गुंडे घरी पोचले दुसऱ्या दिवशी. डल्सीने त्याला हिरव्या रेक्झिनच्या खुर्चीत बसवलं, पडद्यावरचं एक इवलंसं चित्र दाखवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"बादली," तो म्हणाला.

ती छत्री होती. तो कानापर्यंत लाल झाला. तेव्हा डल्सी ते वाक्य बोलली, छत्री पुसून टाकली आणि पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून काढायला बसली. तो बघत राहिला. ठिपक्याशेजारी ठिपका, जसा टाक्याशेजारी टाका; आडवे बत्तीस, उभे बत्तीस. त्या एवढ्याशा अंगणात तिने पावसासकट छत्री उभी केली.

त्या एका वाक्यावर पुढे डल्सीच्या त्या कॉम्प्युटरच्या शौकिनांचं आख्खं मंडळ उभं राहिलं.

तो कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालायचा, ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. कंपनीनंतर दुकानदारांनी, दुकानदारांनंतर गिऱ्हाइकांनी तिला सोडलं. पण काही घरांत म्हातारी माणसं सगळ्यांना पोचवून स्वतः टुणटुणीत राहतात, तशी ही राहिली होती. मंडळात तिला म्हणायचेच 'म्हातारी'. तिच्यावर अजून रोजचं काम करणारी माणसं जगभरात मिळून एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये मावली असती. नॉर्वेतला एक दंतवैद्य रुग्णांमधून वेळ काढून दोन-तीन वर्षांनी तिची नवी आवृत्ती काढायचा, आणि कामं निवडायला तिच्या पडद्यावर मांडायची इवली चित्रं जायची वॉलरूहून. "जगाला गहू आणि म्हातारीला चित्रं," मंडळातला स्टॅव म्हणायचा, "दोन्ही आपल्याच धक्क्यावरून सुटतात." डल्सी होती तोवर चित्रं तिची असत. ती गेल्यावर तिची खुर्ची, तिचा नियम आणि तिचं काम असं सगळंच नेव्हिलकडे आलं. मंडळात सात माणसं होती, पण चित्रवाला एकच.

नियम असा. नवं चित्र म्हातारीच्या रिकाम्या पडद्यावर मधोमध ठेवायचं, खाली नाव लिहायचं नाही. एकाने हिरव्या खुर्चीत बसायचं आणि ते काय आहे ते सांगायचं. सांगता आलं नाही की चित्र बाद. बाद झालेलं चित्र एका फ्लॉपीवर उतरवून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं आणि संचातून पुसायचं. खुर्चीतल्या माणसाला कोणी हसायचं नाही, दुसरी संधी द्यायची नाही, की 'नीट बघ' म्हणायचं नाही. डब्यात स्वतः डल्सीची चाळीसेक चित्रं होती. ती पहिली छत्रीही होती.

आणि आता दंतवैद्याने विचारलं होतं की नव्या आवृत्तीत चित्रं केवढी हवीत? त्याने चित्रांच्या फायलींचा नवा प्रकार बांधला होता. त्यात अठ्ठेचाळीस ठिपक्यांची चित्रं मावत होती, आणि रंग सोळाच्या जागी दोनशे छप्पन्न. एप्रिल संपायच्या आत कळवा, म्हणाला.

झालं! तीन महिने वॉलरूत या प्रश्नावर जेवढी तोंडं वाजली तेवढी नगरपालिकेच्या निवडणुकीतही वाजली नव्हती.

अठ्ठेचाळीसचा झेंडा घेतला मर्ल टोनकिनने. मर्लचा जन्म पाट्या रंगवण्यात गेलेला. कडीनापासून मूंटापर्यंत निम्म्या दुकानांच्या डोक्यावर तिचं अक्षर होतं. ती नेव्हिलच्या गल्लीतच राहायची, आणि तिला लहान काही आवडायचंच नाही, ना अक्षर, ना कुत्रा, ना भांडण.

"बत्तीस ठिपके!" ती म्हणायची. "अरे, एवढ्यात मी साधा पूर्णविराम देत नाही."

"ज्याला बत्तीसात सांगता येत नाही," नेव्हिल उत्तर द्यायचा, "त्याला अठ्ठेचाळीसातही सांगायचं काही नसतं."

मंडळी टाळ्या वाजवायची. अध्यक्ष ब्रेंटन हा जमीनमोजणीतून निवृत्त झालेला, सगळ्या जगाला पट्टी लावणारा माणूस. त्याने मंडळाच्या वार्तापत्रात नेव्हिलवर 'तत्त्वनिष्ठ' असा शब्द छापला. नेव्हिलने ते वाचलं नाही.

कारण त्याला वाचता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक डाग उतरला होता. आधी मोहरीएवढा, मग बटणाएवढा, आता बशीएवढा. समोरच्या माणसाकडे बघावं तर त्याचे दोन कान दिसायचे, मधे माणूस नाही. अॅडलेडच्या डॉक्टरिणीने हे वयाने होतं असं सांगितलं होतं, आणि कडेचं दिसत राहील असं आश्वासन दिलं होतं. म्हणजे जे बघायला जावं ते सोडून बाकी सगळं. गाडी त्याने पुतण्याला देऊन टाकली आणि गावात सांगितलं की गॅरेजमध्ये आहे.

बत्तीस ठिपक्यांचं चित्र तो वर्षभर बघू शकला नव्हता, आणि बत्तीस ठिपक्यांसाठीच तो पोटतिडकीने भांडत होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला स्वतःलाच याचं हसू यायचं. पण करणार काय? अठ्ठेचाळीस ठरले तर म्हातारीची सगळीच्या सगळी चित्रं नव्याने काढावी लागणार, आणि ती कोण काढणार? चित्रवालाच. मग पहिल्याच चित्राला बिंग फुटणार. बत्तीस राहिले तर जुनीच चित्रं पुढे चालणार, आणि तोही त्यांच्याबरोबर चालणार. मोठ्या चित्राने त्याचं भलं झालं असतं असंही नाही. त्याने घरी, दार लावून, मर्लचं एक अठ्ठेचाळीसचं चित्र पडद्यावर आणून बघितलं होतं. डाग मोठा मोकळ्या मनाचा निघाला. वाढाल तेवढं खायचा.

मंडळ गेलं तर त्याच्याकडे उरणार काय? धक्क्यावरचं काम केव्हाच सुटलं होतं. आई गेली, डल्सी गेली, गाडी गेली. महिन्यातला दुसरा शनिवार तेवढा राहिला होता. त्या दिवशी बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत कोणीतरी म्हणायचं, "नेव्हला विचारा, चित्रातलं त्याला कळतं." हे एवढं वाक्य महिनाभर पुरायचं.

गंमत अशी, की त्याचं नाव याच आंधळ्या वर्षात वाढलं. गेल्या हिवाळ्यात संचातल्या पहिल्या, जुन्या घड्याळाच्या जागी नवं काढायचं होतं. त्याने ते अंदाजाने, कडेने बघून, ठिपके मोजत काढलं, तर मिनिटकाटा तबकडीच्या बाहेर जाऊन पडला. ब्रेंटनने ते चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाला, "काळ चौकटीत मावत नाही. वा!" दंतवैद्याने तर त्याची स्तुती करणारी ओळ जगभर धाडली. कौतुक नाकारण्याइतकं त्याला दिसत नव्हतं.

निकालाचा शनिवार उजाडला. स्टॅव त्याला घ्यायला आला. स्टॅव म्हणजे स्टाव्रोस, जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. आताही गाडीत कोणी बसलं की मागे वळून डोकी मोजायचा.

"काय रे नेव्ह, तुझी गाडी गॅरेजमध्ये आहे की म्युझियममध्ये?"

"सुटा भाग मिळत नाहीये."

"कुठला?"

"मिळाला की सांगतो."

"बायको पळून गेली की माणूस म्हणतो माहेरी गेलीय," स्टॅव म्हणाला. "तशी तुझी ती गाडी." आणि मोठ्याने हसला.

धक्क्याजवळून जाताना त्याने वेग कमी केला. दिव्याच्या खांबांवर पेलिकन बसले होते, एकेका खांबावर एकेक, ओटीत चोच टाकून. समोर बघितलं तर नेव्हिलला नुसते खांबच खांब. पण मान जरा फिरवली की खाडीच्या बाजूला, नजरेच्या काठावर, पांढरं काहीतरी फडफडून जायचं. काठावरचं सगळं त्याचं होतं. मधलंच काय ते परक्याचं झालं होतं.

मागच्या खोलीत चहाचं पिंप खदखदत होतं. मर्लने पास्ट्या आणल्या होत्या, मोठ्या भाजलेल्या करंज्यांसारख्या, बटाटा-सलगमाच्या, गरम, कडेला दोरीसारखी वळलेली मुरड. तिने नेव्हिलपुढे कप ठेवला, कपाचा कान फिरवून त्याच्या हाताकडे केला, आणि वर म्हणाली, "खाऊन घे. हरायला ताकद लागते."

"तुझ्या पास्टीतही सारण दोनशे छप्पन्न रंगांचं असतं," नेव्हिल म्हणाला. "चव एकाचीही नाही."

"आई गं, बघा हो, जिभेला धार आहे अजून!"

"चला, चला," ब्रेंटनने चमच्याने कप वाजवला. "विषय एकच. माप आणि प्रकार. प्रकाराबद्दल दुमत नाही, नवाच घ्यायचा. सोय म्हणून मी काल आपल्या जुन्या बत्तीसच्या फायली नव्या प्रकारात बदलूनही ठेवल्यात. आता राहिलं माप."

"अध्यक्षसाहेब," स्टॅव म्हणाला, "मी गेल्या वेळीही म्हणालो होतो. त्या नव्या प्रकारात एकाच फायलीत दोन्ही मापं मावतात. ज्याला जे हवं ते त्याने बघावं. भांडण कशाला?"

खोलीत नाराजी पसरली. तीन महिन्यांचं भांडण असं एका वाक्यात मिटणं कोणालाच रुचलं नाही. नेव्हिलने मनात हिशेब केला. दोन्ही मापं म्हणजे दुप्पट चित्रं.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," तो घाईने म्हणाला.

"तलवारी?" मर्ल म्हणाली. "टपालाच्या तिकिटाएवढी चित्रं ती! बरं, मी काय म्हणते. बत्तीसचं दिसतं, लख्ख दिसतं, असं म्हणतोय ना हा? मग बसू दे की बत्तीसच्या वकिलाला खुर्चीत. डल्सीचा नियम आहे. दहा चित्रं दाखवा. दहाच्या दहा ओळखली तर मी माझा झेंडा गुंडाळते."

"आणि एक जरी चुकलं," ब्रेंटन म्हणाला, "तर ते चित्र डब्यात, आणि माप अठ्ठेचाळीस. मान्य?"

सगळ्यांनी मान्य म्हटलं. नेव्हिलनेही म्हटलं. कारण याची तयारी त्याने फार आधीपासून करून ठेवली होती.

म्हातारीचा एक स्वभाव होता. ती चित्रं नावाने लावत नसे, आकाराने लावत नसे. जी आधी ठेवली ती आधी, मागून ठेवली ती मागून, अशीच दाखवायची. तो क्रम नेव्हिलला ओवीसारखा पाठ होता. सकाळी समुद्राकडे चालत जाताना तो पावलांच्या तालावर तो मनात म्हणायचा:

*घड्याळ, कुलूप, कात्री, कंदील,*
*शिवणयंत्र, शिडी;*
*नांगर, घंटा, मग पेलिकन,*
*शेवटी आगपेटी.*

हिरव्या खुर्चीचं रेक्झिन बसताना कुरकुरलं. स्टॅवने माऊस हातात घेतला. बाकीची मंडळी खुर्चीमागे उभी राहिली, आणि कोणाच्या तरी पास्टीचा वास नेव्हिलच्या खांद्यावर येऊन थांबला.

पहिलं चित्र आलं. समोर डाग. नेव्हिलने मुद्दाम थोडं थांबून घेतलं. फार लवकर ओळखणंही बरं दिसत नाही.

"घड्याळ. माझंच आहे ते."

"बरोबर!"

"कुलूप." "कात्री, उघडलेली." आणि चौथ्याला तर त्याने जरा रंगही भरला. "कंदील. काचेवर काजळी धरलीय, बघा."

मागून कोणीतरी वाहवा केली. माऊसची कळ वाजली, पाचवं चित्र आलं.

"हे तर डल्सीचं," नेव्हिल म्हणाला. "शिवणयंत्र."

कोणी बरोबर म्हणालं नाही.

चहाचं पिंप तेवढं खदखदत राहिलं. नेव्हिलला वाटलं, आपण फार पटकन बोललो. मग वाटलं, ऐकू गेलं नसेल. "शिवणयंत्र," तो पुन्हा म्हणाला. आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याला कळलं. ब्रेंटनने काल सगळ्या फायली नव्या प्रकारात बदलल्या होत्या. बदलून पुन्हा ठेवल्या होत्या. ज्या क्रमाने त्या पट्टीबाज माणसाच्या मनात आलं, त्या क्रमाने. पहिली चार तेवढी त्याने जुन्याच क्रमाने घेतली असणार. ओवी तीच होती, पण म्हातारीने कडवी बदलली होती.

"अं..." ब्रेंटनने घसा साफ केला. आणि मग, ज्याने उभ्या आयुष्यात कुणाची चूक बोटभरही सोडली नव्हती, तो ब्रेंटन म्हणाला, "म्हणजे, तसं बघायला गेलं तर... ते शिवणयंत्रासारखं दिसतं खरं."

"दिसतं म्हणजे काय!" स्टॅव लगेच पुढे आला. "सरक नेव्ह, मला बघू दे. हो रे! ही बघ मान वर जाऊन वाकलीय. खाली पाटा. मलाही शिवणयंत्रच वाटलं असतं. माझ्या आईचं अगदी असंच होतं, पायाने चालवायचं."

"मला तर नेहमीच शंका यायची त्या चित्राची," मागून ग्लेनिस म्हणाली. ती मंडळाची खजिनदार, आणि डल्सीची मावसबहीण. "डल्सीला मी तोंडावर सांगितलं नाही कधी, पण ते पोट आहे ना, ते फार गोल झालंय."

"रंग चुकलाय," आणखी कोणीतरी म्हणालं. "पांढऱ्याशेजारी तो करडा द्यायला नको होता."

"काढलं तेव्हा ती दमली असेल."

"चार गिऱ्हाइकं सांभाळून काढायची बिचारी. व्हायचंच एखादं."

नेव्हिल ऐकत होता. पाच माणसं त्या मेलेल्या बाईच्या चित्राचे टाके उसवत होती, एकेकजण मायेने, मान हलवत. इतकी एकजूट मंडळात गेल्या कित्येक वर्षांत झाली नव्हती. काय ओळखायला चुकलो हे त्याला कोणीच सांगत नव्हतं. फक्त मर्लचा आवाज त्यात नव्हता.

आणि त्याच्या लक्षात आलं की आपण वाचलो. इतकं सोपं होतं ते! नियमच होता तसा. ओळखू आलं नाही, तर दोष चित्राचा. डल्सीने तीस वर्षांपूर्वी त्याच्यासाठी हे दार उघडं ठेवलं होतं. आता फक्त उठायचं. अठ्ठेचाळीस ठरतील. मग ताठ मानेने म्हणायचं, हे माझ्या तत्त्वात बसत नाही, चित्रं दुसऱ्या कोणी काढावीत. ब्रेंटन वार्तापत्रात चौकट टाकील. नॉर्वेत हळहळ होईल. बत्तीस ठिपक्यांसाठी सगळं सोडलेला माणूस म्हणून तो राहिलेले दिवस सुखाने काढील, आणि दर दुसऱ्या शनिवारी कोणीतरी त्याला चहा देऊन म्हणेल, नेव्ह, तू होतास तेव्हा. अंधारावर याहून चांगला पडदा कोणता मिळणार होता?

ब्रेंटनने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. पत्र्याचं झाकण उघडताना तो आवाज झाला, जो डल्सीच्या दुकानातही व्हायचा, एखादं चित्र तिने मुकाट्याने डब्यात टाकताना.

"स्टॅव, उतरव ते फ्लॉपीवर," ब्रेंटन म्हणाला. "आणि संचातून पुसून टाक."

"थांबा," नेव्हिल म्हणाला. "काय होतं ते?"

स्टॅवचा हात माऊसवर होता, तो तसाच राहिला.

"मी विचारतोय, काय होतं ते चित्र?"

"पेलिकन," मर्ल म्हणाली.

पेलिकन. म्हातारीवरच्या टपालाचा. डल्सीने एक आख्खा उन्हाळा घालवून काढलेला. तेव्हा ती रोज दुकान बंद करून धक्क्यावर जायची, बरोबर मापाची टेप घेऊन, जणू पक्षी अंगाचं माप द्यायला उभे राहणार होते. चोचीखाली पिशवी, पिशवीत एक पाकीट, पाकिटाचा फक्त कोपरा बाहेर. सगळं जमलं होतं, पण पक्षी जिवंत होईना. शेवटी एका संध्याकाळी, टाचण्या तोंडात धरून, तिने नेव्हिलच्या हातात माऊस दिला आणि म्हणाली, एक ठिपका शिल्लक आहे, तू दे. त्याने पिवळा दिला. डोळा. एक ठिपका, आणि पेलिकनने वळून दोघांकडे बघितलं. तेव्हा डल्सी हसली, आणि सगळ्या टाचण्या जमिनीवर सांडल्या. त्या शोधायला दोघं रांगत होते. तेव्हा त्याने काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. पण पुढच्या दालनात गिऱ्हाईक आलं.

नेव्हिलने मान फिरवली. पडद्याकडे नाही, तर भिंतीकडे, जिथे बोलिंग क्लबच्या जिंकलेल्या आणि हरलेल्या सालांची फळी टांगलेली होती. तो फळीकडे बघत राहिला आणि नजर काठावर सोडून दिली. तिथे, डागाच्या पलीकडे, पांढऱ्याच्या टोकाशी, एक पिवळा कण लुकलुकला. खसखशीएवढा. विझला. पुन्हा लागला.

"डबा बंद कर, ब्रेंटन," तो म्हणाला.

"नेव्ह, नियम आहे. तिचाच नियम."

"माहीत आहे मला. पहिल्यांदा तो माझ्यावरच लागला होता." त्याने हिरव्या खुर्चीचे दोन्ही हात धरले. "ग्लेनिस, पोट गोल नाहीये. पेलिकनचं पोट तसंच असतं. आणि स्टॅव, तुझी आई असल्या यंत्रावर एक टाका घालू शकली नसती. कशाला खोटं बोलता रे सगळे? त्या पक्ष्यात एक ठिपका इकडचा तिकडे करायला जागा नाही."

"मग तू शिवणयंत्र का म्हणालास?" ब्रेंटनने विचारलं. त्याच्या तोंडून तो प्रश्न सवयीने निसटला होता, आणि तो परत घ्यायला त्याने हातही उचलला.

नेव्हिल भिंतीकडेच बघत होता. मर्लचा हात खुर्चीच्या पाठीवर आला होता, ते त्याला दिसलं नाही, पण रेक्झिन कुरकुरलं.

"डल्सीचं एवढं एकच चुकलं," तो म्हणाला. "दोष नेहमीच चित्राचा नसतो. माझी गाडी गॅरेजमध्ये नाही. त्या घड्याळाचा काटा मी मुद्दाम बाहेर काढलेला नाही. मला दिसत नाही. गेलं वर्षभर मधलं काहीच दिसत नाही." त्याने श्वास घेतला. "आणि मर्ल, रागावू नकोस हं. तुझी अठ्ठेचाळीसचीही दिसत नाहीत गं."